कुंकू लागलेला कागद
आज दसऱ्याचं कुंकू भिजवलं आणि त्या वासानं तो कागद आठवला. माझा मुलगा वारला, त्याच्या पुढच्या वर्षी नातीनं पहिल्या पगारातून कॉम्प्युटरवरच्या खेळाची डिस्क आणली. हाच खेळ बाप-लेक टीव्हीला लावायच्या मशीनवर खेळायचे, पण ते मशीन बिघडलं होतं. जोगेश्वरीच्या आमच्या खोलीत नवी वस्तू देवापुढे ठेवल्याशिवाय कोणी वापरत नाही. डिस्कच्या डबीतल्या कागदावर मी कुंकवाचं बोट टेकवलं, जास्त लागलं म्हणून ओल्या फडक्यानं पुसलं, तर त्यावरचा नंबरच गेला. त्या नंबराशिवाय खेळ सुरू होईना. दुकानदार म्हणाला, "फोडलेलं पाकीट परत घेत नाही." नात म्हणाली, "बघ ना आजी, नेटवरून फुकट चोरीचा आणला असता तर नंबर लागलाच नसता." शेवटी तिनं तसाच आणला. तो अडखळत चालायचा, चित्र मध्येच थांबायचं. "पप्पांबरोबर खेळायचे तो हा नाहीच गं," म्हणाली आणि बंद केला. चूक माझी होती, तरी मला ती एक शब्द बोलली नाही. आज पूजेला तिचा लॅपटॉप मागितला. "राहू दे, आजी," म्हणाली आणि तो बॅगेत ठेवून तिनं चेन लावली.