दार्नेलिसमावशीने डांबर लावलं

आमच्या सुमात्रातल्या मिनांग लोकांत जमीन आईकडून लेकीकडे जाते आणि नवरे माझ्यासारखे घरजावई असतात. जाकार्ताहून आलेल्या विर्यावानसाहेबांना हे कुणी सांगितलं नव्हतं. सिंगकारक तळ्याकाठची आमची जमीन त्यांना हॉटेलसाठी भाडेपट्ट्याने हवी होती. घरातला पुरुष म्हणून त्यांनी मला गाठलं आणि रोज कॉफी पाजली. मीही प्यालो. शेवटी लाज वाटून सांगितलं, "साहेब, या घरात माझा फक्त टॉवेल आहे."

मग ते घराण्याच्या प्रमुखाकडे, म्हणजे माझ्या बायकोच्या मामांकडे गेले. मामांनी लगेच सही ठोकली. पण घरातल्या सगळ्या बायकांची संमती लागते, आणि तिथे दार्नेलिसमावशी आडवी आली. ती माझ्या सासूची धाकटी बहीण. त्याच जमिनीवर ती ओल्या नारळाचे बिका नावाचे छोटे केक भाजून विकते. बिकाला वरखाली दोन्हीकडे विस्तव लागतो, मावशीच्या तोंडचा वेगळाच. मला ती जाम आवडते. साहेबांनी तिला हॉटेलात पक्कं दुकान देऊ केलं, तरी ती बधेना.

मामा समजवायला आले. "अगं, अडचण असली की जमीन देता येते. रीतच आहे आपली."

"कसली अडचण, दादा? घरात मयत पडलंय? की पोरीचं लग्न खोळंबलंय?"

"छप्पर गळतंय की घराण्याच्या मोठ्या घराचं!"

"बरं. पाऊस आला की बघू."

दुसऱ्या दिवशी मावशी लुंगी खोचून, डांबराचा डबा घेऊन छपरावर. खाली शिडी धरायला मी.

"जावईबापू, नीट धरा! तुमचाच टॉवेल भिजायचा वाचतोय!"

पाऊस आला तसे सगळे मोठ्या घरात जमलो. साहेबही आले. पत्रा नुसता दणाणत होता. मामा मान वर करून थेंबाची वाट बघत होते. "इथं गळायचं... नाही, तिथं," म्हणत त्यांनी चारदा जागा बदलली. शेवटी मान अवघडली, तेव्हा ती चोळत खाली बसले.

साहेब भला माणूस. हसले, आणि म्हणाले, "हरलो. पण मावशी, तुम्हाला दोघे मुलगेच. त्यांना यातलं काही मिळणार नाही. मग हा सगळा आटापिटा कुणासाठी?"

माझी लहानगी लेक मावशीच्या मांडीवर बिका खात होती. मावशीने तिचं तोंड पुसलं. "हिच्यासाठी. मालकीण ही. मोठी झाली की तिला विचारा."

साहेबांनी तेव्हाच विचारलं, "काय मालकीणबाई, जमीन देता का?"

लेकीने हातातला बिका पाठीमागे लपवला. "नाही देत. मावशीआजीने मला दिलाय."

सगळे खो खो हसले, मामा सगळ्यांत मोठ्याने. माझे मात्र डोळे घळाघळा वाहायला लागले, आणि छप्पर गळतंय म्हणायचीही सोय राहिली नव्हती.