हिम्मतरावांचं जपानी

माझे दाजी हिम्मतराव यांना जपानी येतं, हे आमच्या गौलीगुडा मोहल्ल्यात कोणीही सांगितलं असतं. मला पहिल्या दिवसापासून शंका होती. पण सख्खी बहीण त्यांच्या घरी दिलेली, तोंड कशाला उघडा?

एक्क्याण्णव साली देशाचे दरवाजे उघडले आणि दाजींनी सरकारी कारकुनी सोडून बसस्टँडमागे व्हिडिओ लायब्ररी उघडली. मागच्या खोलीत बाकं टाकून ते सिनेमे दाखवत. परदेशातून परतलेल्या एका गिऱ्हाइकानं त्यांना दोन कॅसेटी आणून दिल्या. एका जपानी तलवारबाजाचा सिनेमा, दोन भागांत. काय तो सिनेमा! हात एकीकडे, मुंडकं दुसरीकडे, रक्ताच्या चिळकांड्या थेट छतापर्यंत. खाली इंग्रजी अक्षरं नव्हती, म्हणून दाजी टीव्हीशेजारी उभं राहून प्रत्येक संवादाचा अर्थ सांगत. "एका जपानी इंजिनियरकडे तीन महिने शिकलो," म्हणायचे.

सुरुवातीलाच तलवारबाज अख्खं गाव कापून काढतो. नावांच्या पाट्या येतात त्या मध्यंतरानंतर. "जपानी माणूस विनयशील, आपलं नाव आधी सांगत नाही," हा दाजींचा खुलासा. मग मेलेली सगळी माणसं पुन्हा हिंडूफिरू लागतात. तेव्हा दाजी आवाज चढवून म्हणत, "देखो मियाँ, इने बारा बरस तपस्या करा. सूरज भगवान खुश हुए, सबकू वापस भेज दिए!" शेवटी गाव पंगतीला बसतं, एक म्हातारी तलवारबाजाला भात वाढते आणि सिनेमा संपतो. रिक्षावाले डोळे पुसत बाहेर पडायचे. माझी बहीण लीला, जिला घरात झुरळ मारलेलं चालत नाही, तिनं तो त्या म्हातारीसाठी अकरा वेळा पाहिला.

पुढे केबल आली, लायब्ररी बसली, कॅसेटींना बुरशी लागली. दाजी आबिड्सला एका दुकानात कामाला लागले. जपानीची कीर्ती तेवढी शिल्लक राहिली, आणि त्यांची मुलगी केतकी कुकटपल्लीच्या कंपनीत नोकरीला लागल्यावर तिनं ती तिथंही पसरवली. दोन हजार चार साली तिनं त्याच कंपनीतल्या वरुणशी लग्न ठरवलं. तो पहिल्यांदा घरी आला तेव्हा होणाऱ्या सासऱ्यांना खूश करायला हाच सिनेमा शोधून घेऊन आला. नव्या कोऱ्या डीव्हीडीवर, खाली इंग्रजी अक्षरांसकट.

दाजींनी मला स्वयंपाकघरात ओढलं. "प्रमोद, जावयासमोर अब्रू जाणार माझी. मला जपानीतलं ओ की ठो कळत नाही रे!"

तेरा वर्षं मी याच वाक्याची वाट पाहत होतो. ऐकलं आणि मला त्यांची दयाच आली. म्हटलं, वीज जावी म्हणून देवाला हात जोडा. नेमकी त्या दिवशी वीज गेली नाही.

सिनेमा सुरू झाला तोच पाट्यांनी. "अहो, हा मधूनच लागला वाटतं," लीला म्हणाली. दाजी नुसता घाम पुसत होते. यथावकाश पंगत बसली, म्हातारीनं भात वाढला. लीलानं सवयीनं डोळ्यांना पदर लावला आणि चहा टाकायला उठली. पण सिनेमा काही संपेना. तलवारबाज जेवता जेवता उठला आणि त्याचा पहिला वार त्या म्हातारीवरच झाला.

तेव्हा आमच्या डोक्यात उजेड पडला. दाजी इतकी वर्षं दुसरी कॅसेट आधी लावत होते.

पुढचा तासभर कापाकापी चालली. शेवटी त्या गावात कुत्रंसुद्धा उरलं नाही. लीला रडत होती, अगदी हुंदके देऊन. "अहो, तुम्हाला येतं ना जपानी? सांगा ना, ही सीडी उलटी भरलीय ना?"

आयतं उत्तर हातात आलं होतं. नुसतं 'हो' म्हटलं की अब्रू वाचत होती आणि बायकोही गप्प बसत होती. दाजींनी तोंड उघडलं, वरुणकडे पाहिलं आणि मिटलं.

"लीला, मला जपानी येत नाही," ते म्हणाले. "एक अक्षर नाही. कॅसेट मीच उलटी लावत होतो, बाकीचं सगळं मनानं रचलं." मग वरुणकडे वळून, "बेटा, तू या घरात येणार. तुझ्याशी सुरुवात खोट्यानं नको."

केतकीनं कपाळाला हात लावला. मला मेल्याला हसू आवरेना. मला वाटलं, आता लीला दाजींची कानउघाडणी करणार. ती नाक पुसत त्यांच्याकडे बघत राहिली.

"म्हणजे त्या म्हातारीला परत आणायचे ते तुम्ही?"

"हो."

"दररोज?"

"दिवसातून तीन खेळ होते," दाजी ओशाळून म्हणाले.

लीला हसली. लग्नात हसली होती, त्यानंतर इतकी मोकळी हसताना मी तिला पाहिलं नव्हतं. वरुणनं रिमोट उचलला आणि सिनेमा मागे नेऊन पंगतीवर आणला. म्हातारी बोलत होती आणि तिचं बोलणं खाली स्वच्छ इंग्रजीत लिहून येत होतं.

वरुण दाजींकडे वळला. "काका, ही आजी काय म्हणतेय?"

दाजी उठले आणि टीव्हीशेजारी जाऊन उभे राहिले.