जैन थाळी, साडेसात वाजता

निपाणीच्या त्या गल्लीत कुणाकडं कन्नडमधला सरकारी कागद आला की तो आधी त्रिशला उपाध्येच्या शिलाई मशीनपाशी येतो. तिचं शिक्षण चिक्कोडीला कन्नड माध्यमातून झालं, सासर मराठी बोलणारं. लाइट बिल असो की तहसीलची नोटीस, ती घडाघडा वाचून मराठीत सांगते, आणि तळाची बारीक अक्षरं सगळ्यात आधी वाचते. "मोठ्या अक्षरात समदेच ग्वाड बोलत्यात," असं तिचं म्हणणं.

अशा त्रिशलानं दसऱ्याच्या सुट्टीत हायवेवरच्या थीम पार्कची तिकिटं मोबाइलवर काढली, तेव्हा मात्र बारीक अक्षरं वाचली नाहीत.

तिकीट जेवणासकट होतं. व्हेज, नॉनव्हेज आणि तिसरं जैन. त्या तिसऱ्या शब्दावर तिचं बोट थांबलं. "बघा ओ, आपल्या लोकांचंबी ठेवलंय," ती नवऱ्याला, वृषभला म्हणाली आणि चौघांचं बुकिंग करून टाकलं. जैन म्हटलं की कांदा, लसूण, बटाटा नाही, आणि जेवण दिवस असेतोवर. तिच्या माहेरी हे कधी कुणाला सांगावं लागलं नव्हतं. तिला ते विचारायचं सुचलंच नाही.

आणि यंदा ते विचारायलाच हवं होतं. आठ वर्षांच्या ब्राह्मीनं चातुर्मासात साध्वी माताजींसमोर हात जोडून नियम घेतला होता: दिवाळीपर्यंत सूर्य मावळल्यावर काही खायचं नाही. घरातल्या कुणी तिला सांगितलं नव्हतं. तीन महिने पोरीनं तो पाळला. वाढदिवसाचा केकसुद्धा तिनं दुपारी चारला कापायला लावला, मैत्रिणी शिकवणीवरून आल्या तेव्हा ताटलीत चुराच उरला होता.

पार्कच्या दारात भरमा नावाच्या म्हाताऱ्या वॉचमननं पिशवी उघडून बघितली. आत दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी, वाटेत लागलीच भूक तर म्हणून आणलेली.

"आक्का, बाहेरचं खाणं आत चालत न्हाई. हितं ठेवा, जाताना न्या."

"ठेवा की. आमचं जेवण आतच हाय," त्रिशला ऐटीत म्हणाली.

दिवस झकास गेला. पाच वर्षांचा श्रेयांस एकाच घसरगुंडीवर सतरा वेळा चढला. ब्राह्मीचं सगळं लक्ष लाटांच्या तलावाकडं होतं. तिथं सहाला भोंगा वाजणार आणि समुद्रासारख्या लाटा सुटणार, असं तिला वर्गातल्या आरोहीनं सांगितलं होतं. महिनाभर घरात दुसरा विषय नव्हता.

पाचला ती सगळी जेवायच्या हॉलकडं गेली. शटर अर्धं खाली होतं. बाहेर फळा होता: जैन थाळी, साडेसात ते साडेनऊ.

त्रिशलानं फळा दोनदा वाचला. मग मोबाइलवरचं तिकीट उघडून खाली, अगदी खाली गेली. तिथंही तेच होतं.

तिनं सुपरवायझरला बोलावून घेतलं. गळ्यात ओळखपत्र अडकवलेला साईराज नावाचा पोरगेला माणूस होता तो.

"मॅडम, जैन म्हणजे कांदा-लसूण नाही. बटाटाबी घालत नाही आम्ही. एकदम प्युअर."

"आन् साडेसातला कोण जैन जेवतो रं?"

"लई जण जेवतात, मॅडम."

वृषभ खोकला आणि उगाच घसरगुंडीकडं बघायला लागला. दुकान बंद करून तो स्वतः रोज नऊला जेवायचा.

"जेवत्यात त्यांना जेवू दे," त्रिशलाचा आवाज चढला. "जे जेवत न्हाईत त्यांच्यासाठी त्यो शब्द हाय. त्यो दावून तिकिटं खपवायची, आन् जेवायला अंधारात बोलवायचं?"

"काहीतरी आत्ता द्या की पोरीला," वृषभ म्हणाला.

"आत्ता समोसा, फ्राइज आहेत."

"म्हंजे बटाटा," त्रिशला म्हणाली.

साईराज समजुतीच्या सुरात वाकला. "लहान आहे ती. आज एक दिवस सूट द्या. देव काय रागावत नाही."

"तीन म्हैने तिनं सोताला सूट दिली न्हाई. तू कोण रं देणारा?"

आजूबाजूची माणसं थांबली. त्रिशलाला अजून खूप बोलायचं होतं. तेवढ्यात ब्राह्मीनं तिची ओढणी ओढली.

"आई, सूर्य झाडात गेला."

भांडणात पाऊण तास गेला होता. श्रेयांसला वृषभजवळ सोडून त्रिशला पोरीला घेऊन धावतच दाराशी आली.

"भाईर पडलासा तर परत आत सोडत न्हाईत, आक्का," भरमा म्हणाला. "माझ्या हातात काय न्हाई ओ."

"मग पिशवी आत द्या."

"ती आत चालत न्हाई."

त्रिशलानं ब्राह्मीकडं बघितलं. पोरगी तलावाकडं तोंड करून उभी होती, तिकडं गर्दी जमायला लागली होती. ब्राह्मीनं एकदा ओठ चावला आणि फिरत्या दारातून आधी तीच बाहेर पडली.

पार्किंगच्या कट्ट्यावर बसून तिनं दोन दशम्या घाईघाईनं खाल्ल्या, चूळ भरली. उजेड अजून होता. आत भोंगा वाजला, आणि शेकडो पोरं एकदम ओरडली.

त्रिशला तिकीट खिडकीसमोर जाऊन खाली फरशीवर बसली. रांगेतली माणसं काय झालं म्हणून विचारू लागली आणि ती प्रत्येकाला सांगू लागली. दहा मिनिटांत साईराज आला.

"आत या मॅडम, मी सोडायला सांगतो. असं बसू नका."

"आदी त्यो शब्द काडा. न्हाईतर जेवण दिसाउजेडी ठेवा."

"ते हेड ऑफिसचं काम. लिहून द्या, पाठवतो."

"आण कागद."

खिडकीतून कागद आला. ती मांडीवर धरून लिहू लागली, आधी कन्नडमध्ये, मग खाली मराठीत. निम्मं झालं तोवर आतला आरडाओरडा ओसरला. वृषभ श्रेयांसला घेऊन बाहेर आला. पोराच्या केसांतून पाणी गळत होतं. तो बहिणीकडं धावला.

"आक्का, लाटा लई मोठ्या आलत्या! मी पडलो!"

ब्राह्मी आईच्या खांद्याला टेकून कागदावर वाकली.

"आई, लाटांचंबी लिही."

"लिहिते," त्रिशला म्हणाली, आणि कागद मागच्या कोऱ्या बाजूवर उलटला.