किन्हीराजाच्या विहिरीतलं खारं पाणी

मी सरकारी नर्स होते. भुताखेताची एकही गोष्ट मी कधी शेवटपर्यंत ऐकून घेतली नाही. वहीत लिहिलेलं तेवढंच खरं, हा माझा नियम... आणि हे तर मीच वहीत लिहिलंय!

बहात्तरच्या दुष्काळानंतरचा उन्हाळा. मेडशीकडच्या एका दवाखान्यात माझी ड्युटी होती. सकाळी नऊला आमच्या गावाहून, किन्हीराजाहून, बैलगाडी आली. गाडीत माझा धाकटा भाऊ सुदाम! घरच्या विहिरीतला गाळ काढताना घोट्याला काहीतरी चावलेलं.

"पान लागलं त्याले," सोबत आलेले काका म्हणाले. "निंबाचा पाला चारला, तं कडू लागत नाही म्हनते!"

आमच्याकडे साप चावला म्हणत नाहीत, पान लागलं म्हणतात; आणि पाल्याची ही जुनी परीक्षा. पाला कडू लागला नाही, की विष चढलं समजायचं.

"मंग कसा लागला रे?" मी सुदामला विचारलं.

"खारट, ताई. पन पाल्याच्या आधीपासूनच तोंड खारट हाये... विहिरीचं पानीच खारं होतं."

"घ्या! आता विहिरीत मीठ पिकून राह्यलं!" काका म्हणाले.

घोट्यावर दोन बारीक टोचे. सूज नाही, आग नाही. मी वही उघडली. साडेनऊ — मान, मांड्या दुखतात. दहा — जबडा उघडत नाही. अकरा — लघवी काळ्या चहासारखी. सर्पदंशाची लस तयार ठेवून डॉक्टरांची वाट बघत होते.

डॉक्टर आले, वही वाचली आणि ताडकन उठले! पूर्वी ते कोकणात, बंदरावरच्या दवाखान्यात होते.

"सिस्टर, आपली लस याच्यावर चालत नाही. हे समुद्रसापाचं विष. कोळ्यांमध्ये हेच पाहिलंय मी."

"साहेब, समुद्र इथून शेकडो कोस लांब, आणि हा जिल्ह्याबाहेर कधी गेला नाही!"

"ते नंतर बघू. सलाईन लावा. हलू देऊ नका. श्वास मोजा."

हाताशी लस असून सख्ख्या भावाला द्यायची नाही... मी फक्त श्वास मोजत बसले. संध्याकाळी जबडा सैल झाला. तिसऱ्या दिवशी लघवी स्वच्छ. सुदामचं पहिलं वाक्य — "ताई, आता पाला नोको चारू!"

त्याचं ओलं धोतर मी पहिल्याच दिवशी कुंपणावर टाकलं होतं. काढायला गेले, तर कडक, पांढरं पडलेलं. जिभेला लावलं — मीठ!

काकांनी विहिरीचं पाणी बाटलीतून आणलं. गोड! सगळा गाळ उपसला, साप काही सापडला नाही.

ते धोतर मी न धुता पेटीत ठेवलंय. दर पावसाळ्यात पेटीतले बाकी कपडे कोरडे असतात... ते एकटं ओलं होऊन जातं.