बॅगेची चेन

त्याला सगळे मास्तर म्हणायचे. शाळेचं तोंड त्यानं चौथीपर्यंतच पाहिलेलं, पण डोंगरवाटेवर ओझी वाहणाऱ्या हमालांना धडे द्यायचा तोच. आणि धडे तरी किती! पट्टा कपाळावर कुठं बसवायचा, चढावर श्वास कसा राखायचा, फोटोच्या नादात पाहुणा कड्याकडे मागं मागं सरकायला लागला की कसं ओरडायचं. ऐकून ऐकून पोरांचे कान किटायचे. पण एका नियमाच्या बाबतीत मास्तर कुणाचंही ऐकायचा नाही. पाहुण्याच्या बॅगेची चेन उघडायची नाही. आत सोनं असो नाहीतर मळके मोजे, आपल्याला काही घेणंदेणं नाही. "एकदा नाव खराब झालं ना," तो म्हणायचा, "की या वाटेवर कुत्रंसुद्धा ओझं देणार नाही."

"दादा, कुत्र्याकडे बॅग असते होय?" त्याचा धाकटा भाऊ विचारायचा.

धाकटा हसायचा, पण नियम मोडायचा नाही. एकदा पाठीवरच्या बॅगेत घड्याळाचा गजर अर्धा तास कोकलत होता, तरी पठ्ठ्या तसाच घाट चढला. सगळे पोट धरधरून हसले. मास्तरची छाती मात्र वीतभर फुगली.

धाकट्याची बायको खिंडीच्या पायथ्याशी पाहुण्यांच्या मुक्कामाचं घर चालवायची. चार खोल्या, आठ खाटा, पुढं चहाची चूल. तिला सगळे धाकटी म्हणत. मास्तरनं लग्नच केलं नाही, त्यामुळे थोरली काही घरात आली नाही, पण हिला धाकटी नाव पडलं ते पडलंच.

नऊ वर्षांपूर्वी मास्तर अकरा पाहुणे घेऊन निघाला. सकाळ अशी लख्ख की दूरची बर्फाची शिखरं हाताला लागतील असं वाटावं. उतारावर लाल फुलं फुललेली, पाहुणे खूश. एका पाहुण्याची बॅग भलतीच जड होती, आणि ती उचलणारा हमाल तापानं फणफणलेला. मास्तर भावाला म्हणाला, "घे रे तूच. दुसऱ्या कुणाच्या बापाला झेपायची नाही."

दुपारी खिंडीत धुकं उतरलं, मागोमाग बर्फ. मास्तरनं घाईघाईनं पाहुणे मोजले. अकरा. हमाल मोजायची पद्धतच नव्हती. ते नेहमी पुढंच असायचे, पाहुणे पोचेपर्यंत त्यांचा दुसरा चहा व्हायचा.

खाली पोचल्यावर धाकटीनं दारातच विचारलं, "हे कुठं राहिले?"

"येईल गं. पाहुणे सगळे आलेत."

तासाभरानं जड बॅगेचा तो पाहुणा खोलीतून बाहेर आला आणि माझी बॅग कुठं आहे म्हणाला. तेव्हा कुठं मास्तरनं हमाल मोजले. बॅग हरवली म्हणून माणसाची आठवण झाली, याला काय म्हणावं? सगळे तसेच वर धावले, पण धुक्यानं हात टेकायला लावले. उजाडता उजाडता धाकटा सापडला. पाय मोडलेला, एका मोठ्या दगडाला टेकून बसल्या जागी गारठून गेलेला, अंगात नुसता स्वेटर. बॅग त्यानं दगडाच्या आडोशाला ठेवली होती, भिजू नये म्हणून.

बॅग मास्तरनंच खाली आणली. पाहुणा बिचारा रडत होता, गारठला होता, त्याला कसला दोष द्यायचा? त्यानं अंगणात सर्रकन चेन ओढली, आतून पिसांचा जाड कोट काढला आणि अंगात घातला. खाली आणखी एक तसाच कोट होता. मास्तर बघत राहिला.

धाकटीला तो एवढंच म्हणाला, "बर्फच तसं पडलं होतं. कुणाचं काही चाललं नसतं."

हे खोटं त्याला नऊ वर्षं खात राहिलं. धाकटी त्याला जेवायला वाढायची, कामापुरतं बोलायची. त्याच्याच्यानं तिच्या डोळ्याला डोळा देववत नसे. रोज निघताना मात्र चुलीपुढं उभा राहून तो हमालांना बजावायचा, "थंडीनं जीव जायची वेळ आली तर बॅग फाडा, पण आत असेल ते घाला. शिव्या मी खाईन." आणि मग पाहुण्यांबरोबर हमालही मोजायचा, दोनदा. मास्तरला म्हातारचळ लागला, असं पोरं म्हणायची.

यंदा गुडघ्यानं दगा दिला. डॉक्टरनं डोंगर बंद म्हणून सांगितलं. शेवटची फेरी संपवून मास्तर चुलीपाशी टेकला. धाकटी कप विसळत होती. आज बोललो नाही तर तसाच मरेन, असं त्याला वाटलं.

"धाकटे, त्या बॅगेत कोट होते," तो म्हणाला. "दोन. चेन उघडली असती तर वाचला असता तो. उघडायची नाही, हे मीच शिकवलं होतं त्याला."

धाकटीचे हात थांबले नाहीत. "ठाऊक आहे. पाहुण्यानं कोट घातला तेव्हा मी दारातच उभी होते."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही सांगाल म्हणून थांबले."

तिनं कप पालथा घातला, दुसरा घेतला. तो तिच्या हातात नुसताच राहिला.

"भावोजी, रोज सकाळी तुम्ही पोरांना सांगता ना, बॅग फाडा, शिव्या मी खाईन म्हणून," ती म्हणाली, आणि आता तिचा आवाज फुटला. "मी इथं बसून ऐकते. नऊ वर्षं रोज ऐकते. ह्यांना तेवढं एकदा सांगितलं असतंत."