वजनदार चार ओळी

आमच्या सासऱ्यांइतका संशयी माणूस अख्ख्या कोल्हापुरात सापडायचा नाही, आणि हे मी कौतुकानं सांगतोय. उभा जन्म त्यांनी बसस्टँडवरच्या पार्सल खोलीत काढला. वरची चिठ्ठी वाचायची ती सगळ्यात शेवटी. आधी खोकं उचलायचं, तोलायचं, हलवून कानाशी न्यायचं. "दुसऱ्याचं फोडायचं न्हाई, पण हात लावल्याबिगर सोडायचं बी न्हाई," हा त्यांचा नियम. मामा (सासऱ्यांना मी मामाच म्हणतो) रिटायर झाले, हात काही झाले नाहीत. साखरपुड्यात माझ्या वडिलांनी दिलेला पेढ्यांचा पुडा तळहातावर तोलून ते भर मांडवात म्हणाले, "पावणं, छटाकभर कमी हाय." वडिलांचं तोंड उतरलं. वजन केलं, तर खरंच कमी! मलाही त्यांनी मुलगी द्यायच्या आधी दंडाला धरून चाचपलं होतं. विशेष काही हाताला लागलं नसावं, तरी दिली.

अशा माणसाचा जावई मी, कॉम्प्युटर इंजिनिअर! आमचं ऑफिस मुलींचं एक वसतिगृह चालवतं. अर्ज मेलनं येतात आणि त्यातल्या गुणपत्रिका वेगळ्या काढणारा प्रोग्राम माझा. मेल आतून तुकड्यातुकड्यांचा असतो, मजकूर एक तुकडा, फोटो दुसरा; आणि पार्सलासारखी प्रत्येक तुकड्याला आत काय ते सांगणारी एक चिठ्ठी असते. तिच्यावर 'अटॅचमेंट' दिसलं की माझा कोड फाईल उचलायचा. पहिल्याच आठवड्यात बिनचिठ्ठीचा तुकडा आला आणि प्रोग्राम धाडकन आडवा झाला. मग मी अक्कल चालवली: चिठ्ठीच नाही, म्हणजे आत काही नाही, पुढं चला. प्रोग्राम पुन्हा कधी पडला नाही. त्या आनंदात मी स्वतःलाच मिसळ खाऊ घातली.

यंदा एका रविवारी दुपारी मी घरी लॅपटॉपवर बाद अर्जांची यादी उघडून बसलो होतो: नाव, गाव, मजकूर आणि शेवटी एक आकडा. 'कागद जोडलेले नाहीत, अर्ज बाद' असं उत्तर पाच वाजता सगळ्यांना आपोआप जाणार होतं. मामा शेजारी येऊन टेकले.

"हे आकडं कसलं ओ?"

"मेलची साईज, मामा. वजन म्हणा."

"मग ह्या राधानगरीच्या पोरीच्या चार ओळी येवढ्या जड कशा?"

"असेल काहीतरी."

"असंल न्हवं, बगा की!"

त्यांची समजूत घालायची म्हणून मेल उघडला. चार ओळींच्या खाली, मेलच्या पोटातच, गुणपत्रिकेचा फोटो. फरशीवर ठेवलेला कागद, उडू नये म्हणून कोपऱ्यावर दाबलेला अंगठा. फोनवरून आलेला, म्हणून त्या तुकड्याला चिठ्ठीच नाही. वर लिहिलं होतं, "फोन शेजारच्या काकूंचा आहे. फोटो दिसला नाही तर कृपया कळवा, मी परत मागून घेईन."

मी बाकीचे बाद अर्जही उघडून बघितले. असे आणखी सात अर्ज निघाले. उत्तरं थांबवली, कोड दुरुस्त केला: चिठ्ठी असो वा नसो, आधी तुकड्याचा प्रकार, नाव आणि वजन बघायचं, मगच ठरवायचं. राधानगरीच्या मुलीचं नाव पात्र अर्जांच्या यादीत चढलं, तेव्हा कुठं मी श्वास सोडला.

मामांनी पडद्यावरची यादी बोटानं वरपासून खालपर्यंत तपासली. मग हळूच म्हणाले, "गेल्या साली बी ह्योच परोग्राम हुता व्हय?"

होता. आणि गेल्या वर्षीचे मेल जागा अडते म्हणून मीच पुसून टाकलेत. मी तसं सांगून टाकलं. मला वाटलं, आता माझी सालटी निघणार, आणि निघायलाच हवी होती. पण मामा उठले, आत जाऊन लेकीला म्हणाले, "पावण्यांस्नी च्या टाक गं. जरा गोड कर."