सापाच्या पापण्या

"आमच्या राणीला एकच डोळा का?" आल्मझनं स्क्रीनकडे बघत विचारलं.

आल्मझ आमची क्लायंट. इथिओपियाची. अमेरिकेत हर्नडनमध्ये आमचा छोटा स्टुडिओ आहे, तिथून जवळच त्यांच्या लोकांचा हॉल, आणि रविवारी त्या हॉलच्या भिंतीवर आमची फिल्म दाखवायची होती. त्यांची जुनी गोष्ट आहे. देशावर एक भलामोठा साप राज्य करायचा, लोक त्याला पुजायचे, मग एका माणसानं त्याला मारलं, लोकांनी त्यालाच राजा केलं, आणि त्याची मुलगी पुढे राणी मकेदा झाली. सगळं त्यांच्या चर्चमधल्या चित्रांसारखं काढायचं, पण हलणारं, कॉम्प्युटरवर. काढणारी मी. नागपूरला ॲनिमेशनचा कोर्स अर्धा सोडला, मग लग्न, मग पोरगी, मग अमेरिका, आणि वर्क परमिट आल्यावरची ही पहिली नोकरी. ही गेली तर दुसरी कोण देणार मला?

"एक डोळा नाही, ती बाजूनं बघतेय," श्रीकांतकाका म्हणाले. ते स्टुडिओचे मालक, पुण्याचे. "प्रोफाइल. रॉयल लुक!"

हे डोकं त्यांचंच. पहिल्या दिवशीच म्हणाले होते, "राजा समोरून काढायचा नाही गं. आपल्या महाराजांची तसबीर आठव. रुबाब बाजूनंच येतो." मी लगेच हो म्हटलं. अर्धा चेहरा म्हणजे काम पण अर्धं! म्हणून राणी बाजूनं, तिचा बाप बाजूनं, सगळी प्रजा बाजूनं. फक्त साप समोरून. कारण माझी मिहू एका डोळ्याच्या सापाला बघून रडली होती, मग मी त्याला दोन गोल डोळे दिले आणि लाडानं पापण्या पण काढल्या.

आल्मझनं खुर्ची पुढे ओढली. "आमच्या चित्रांमध्ये चांगली माणसं समोर बघतात. दोन्ही डोळे दिसतात. ज्याचा एकच डोळा दिसतो, तो दुष्ट. सैतान वगैरे. तुम्ही माझ्या अख्ख्या देशाला सैतान केलंय. आणि हा साप," तिनं स्क्रीनवर बोट ठेवलं, "हा संत आहे."

काका माझ्याकडे बघायला लागले. असे बघायला लागले की जणू रॉयल लुक हा शब्द त्यांनी जन्मात कधी ऐकलाच नव्हता.

मी घाबरले की तोंड आधी सुटतं आणि डोकं मागून येतं. "ते मुद्दाम आहे," मी म्हटलं.

"मुद्दाम?"

"हो मॅडम, म्हणजे सापाचं राज्य आहे ना, तर सगळं उलटं आहे, तो खोटा देव आहे म्हणून त्याला दोन डोळे, आणि तो मेला की त्याचं तोंड फिरतं, आणि लोक समोर वळतात, सगळे, एकदम."

"मग राणी? ती तर साप मेल्यावर जन्मली."

"ती... ती व्हायची आहे अजून."

"काय व्हायची आहे?"

"समोर."

आल्मझनं स्क्रीनवरच्या राणीकडे परत एकदा बघितलं. मग पर्स उचलून म्हणाली, "ठीक आहे. रविवारी बघू."

दार लागल्यावर काका म्हणाले, "व्वा! अगं, हे मला आधी का नाही सांगितलंस?"

"मलाच आत्ता कळलं, काका."

मग जे भोगलं ते भोगलं. चेहरा वळवायचा म्हणजे बाजूचा, अर्धा वळलेला, समोरचा, असे मधले सगळे चेहरे काढावे लागतात. प्रत्येक माणसाचे! मग रेंडर, म्हणजे कॉम्प्युटर ती सगळी चित्रं जोडून फिल्म तयार करतो, आणि तोवर आपण नुसतं बघत बसायचं. शनिवारी मिहूला घेऊनच ऑफिसला गेले. ती टेबलाखाली बसून "आई, इज द स्नेक डेड?" विचारत होती आणि काका तिला केळी सोलून देत होते. प्रजेतल्या मागच्या लोकांची तोंडं शेवटी मी तीनच काढली आणि सगळीकडे चिकटवली. सांगू नका कोणाला.

रविवारी हॉल भरलेला. पांढऱ्या शाली घेतलेल्या बाया पुढे. साप पडला, त्याचं तोंड बाजूला फिरलं, एक डोळा राहिला, आणि मग एकेक करून सगळी प्रजा आमच्याकडे वळली, आणि शेवटी राणी, दोन्ही डोळ्यांनी. मी काकांची बाही धरली. तेवढ्यात पुढच्या बायांनी जीभ हलवून असा आवाज काढला, लिलिलिली, की मिहूनं कानच झाकले. तो आनंदाचा असतो म्हणे. मला आधी वाटलं, गेली नोकरी.

संपल्यावर आल्मझ तिच्या म्हाताऱ्या आईला घेऊन आली. "आई विचारतेय, सापाला पापण्या का?"

मी काकांकडे बघितलं. काका छताकडे बघत होते.

आल्मझच तिच्या भाषेत आईला काहीतरी बोलली. म्हातारीनं मान डोलावली, माझा गाल थोपटला.

"काय सांगितलं तुम्ही?"

"सांगितलं, मुद्दाम आहे," आल्मझ म्हणाली, आणि डोळा मारला.

नोकरी राहिली. आल्मझनं दुसरी गोष्ट पण आम्हालाच दिली. आता काका सगळ्यांना सांगत फिरतात की वळण्याची आयडिया त्यांची, फिरू देत. मी एवढंच शिकले: क्लायंटसमोर काही फेकायचं असेल, तर ते रेंडर व्हायला किती वेळ लागेल, हे आधी बघून मगच फेकायचं.